विसावा कामगार घेतला तर पीएफचा बोजा किती वाढतो?

तुमचे 19 कामगार आहेत आणि सगळ्यांचा बेसिक-डीए (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) महिन्याला 15,000 धरला, तर विसावा येताच पगाराशिवाय महिन्याला साधारण 39,000 रुपये वाढतील, कारण पीएफ एकट्या नव्या माणसाचा नाही, सगळ्यांचा सुरू होतो. हिशेब असा: 20 जणांच्या मिळून 3 लाख बेसिक-डीएवर मालकाचे 12 टक्के, अधिक विमा आणि प्रशासन शुल्क अर्धा-अर्धा टक्का. लहान कारखान्यांचे पगारपत्रक मीच करतो, त्यामुळे हे आकडे रोजचे आहेत. टक्केवारी मोठ्या कंपनीलाही तीच, पण दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत चलन भरायची धावपळ 20 माणसांना जेवढी, जवळपास तेवढीच 2,000 माणसांना. तिथे त्यासाठी वेगळा माणूस असतो, तुमच्याकडे बहुधा तुम्हीच. ठेकेदाराची माणसेही मोजणीत धरतात, म्हणून 'विसावा ठेकेदाराच्या नावावर दाखवू' ही युक्ती चालत नाही. आणि एकदा पीएफ लागू झाला की संख्या पुन्हा 19 वर आली तरी सुटका नाही. मात्र 15,000 च्या वर बेसिक-डीए असलेला आणि आधी पीएफ खाते नसलेला माणूस वर्गणीतून वगळता येतो. मोजणीत तो असतोच. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) 10 कामगारांपासूनच लागतो, तो भरताय ना ते आधी बघा.