आत्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नकोस

प्रिय भाची,

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणाऱ्या तुझ्या आत्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, आहे. दाताचं दुखणं समजून दोन दाढा काढून झाल्या, तरी कळ तशीच. गोळ्यांचा डोस वाढत गेला, आता तिला गरगरतं, आणि डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. स्वतः लग्न न करता जिनं तुम्हा भावंडांना वाढवलं, तिच्याबद्दल काका म्हणतात, "चांगली हिंडतीया की, पैसे कशाला?" म्हणून तू विचारतेस की कळ येते त्या वेळचा तिचा व्हिडिओ काढून पेठेतल्या तालीम मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू का.

टाकू नकोस. पैसे कदाचित येतील, पण आत्यानं आयुष्यात कुणापुढं हात पसरलेला नाही. तोंड धरून कळवळतानाचं तिचं रूप पेठेतल्या फोनाफोनांत फिरायला लागलं की ते परत घेता येत नाही. तिला न विचारता तर नाहीच नाही.

काकांचा मला राग येत नाही. बहुतेक वेळा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबते, त्यातून हे दुखणं होतं. दात घासताना, घास चावताना, नुसता वारा लागला तरी कळ जाते आणि काही क्षणांत थांबते. मधल्या वेळात माणूस धडधाकट दिसतो. काकांशी वाद घालू नकोस. पुढच्या तपासणीला आत्यासोबत त्यांनाच पाठव. डॉक्टरांनी एमआरआय दाखवून समजावलं की घरातला निम्मा विरोध तिथंच मिटेल.

आता पैशाचं. वर्गणीच्या आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं मदतीला बसलेल्या योजनेच्या माणसाला, भेट. हे ऑपरेशन योजनेत बसतं का, कोणत्या रुग्णालयात होईल, हे तोच सांगेल. 155388 या क्रमांकावरही विचारता येतं. ऑपरेशनच्या आधीच मंजुरी घ्या, खर्च करून मग बिलं दाखवायची असं इथं चालत नाही. खासगी रुग्णालय ठरलं तर ते धर्मादाय आहे का ते बघ. तशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आजच काढायला टाक.

वडील सावकाराकडून महिना 3 टक्क्यानं घ्यायचं म्हणतात. म्हणजे वर्षाला 36 टक्के. त्यांना हात जोडून थांबव. आत्या स्वतःहून पाटल्या काढून देत असेल, तर गुजरीत, सराफ बाजारात, मोडण्याआधी बँकेत सोनेतारण विचारा. मात्र पाटल्यांचा विषय तिनंच काढायचा, तुम्ही नाही.

एवढं करून जे कमी पडेल तेवढंच लोकांकडं माग. जुनाट दुखण्याची वर्गणी अवघड जाते, कारण "जमेल तेवढी मदत करा" म्हटलं की हे कधी संपणार, हा प्रश्न देणाऱ्याच्या मनात येतोच. म्हणून एक ऑपरेशन, एक आकडा, एक तारीख. आणि "आत्या कायमची बरी होईल" असं कुणालाही लिहू नकोस. पुष्कळांना या ऑपरेशननं आराम पडतो, पण काहींचं दुखणं काही वर्षांनी परत येतं. उद्या तसं झालं तर "आमचे पैसे वाया गेले" हे तिला ऐकावं लागता कामा नये.

आधी तिचे भाऊ, मग जवळचे नातेवाईक, मग भिशीच्या बायका, आणि शेवटी तालीम. प्रत्येकाला फोन कर आणि मग हे पाठव:

"आत्याच्या चेहऱ्याच्या नसेचं ऑपरेशन ठरलं आहे. रुग्णालयाचं इस्टिमेट सोबत जोडलं आहे. योजना आणि घरचे पैसे धरून इतके रुपये कमी पडतात. रक्कम थेट रुग्णालयात भरली तरी चालेल. हिशेब सगळ्यांना कळवू."

इस्टिमेटवर रुग्णालयाचा शिक्का असू दे. काकांनी एकदा डॉक्टरांचं ऐकलं, की पहिली रक्कम त्यांच्याकडूनच घे, म्हणजे बाकीचे भाऊ मागं राहणार नाहीत.

तोवर खर्चाला कंटाळून गोळ्या एकदम बंद करू नका, त्यात धोका आहे. या दुखण्यावरची नेहमीची गोळी, कार्बामाझेपीन, जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतं का बघ, आणि गरगरण्याबद्दल डॉक्टरांना लगेच सांग.

वरचा मजकूर पाठवण्याआधी आत्याला वाचून दाखव. तिनं एखादी ओळ काढायला सांगितली, तर काढ.

तुझी,
मावशी