आई-बाबा दिवाळीला दुबईला येत आहेत. औषधं आणि फराळ आणताना कस्टममध्ये काय अडचण येऊ शकते?

तुम्ही लिहिलंय, आईला मधुमेह आहे, तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत असतील आणि फराळ घरचाच असेल. मी इथे यूएईत औषधांच्या दुकानात काम करतो, म्हणून आधी गोळ्यांचं सांगतो.

मधुमेहाच्या आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांची सहसा चिंता नसते. आईच्या पायांना मुंग्या येतात किंवा तळपाय जळजळतात का, हे मात्र नक्की विचारा. त्यावर आपल्याकडे सर्रास प्रीगाबालिन देतात, बऱ्याचदा मिथाइलकोबालामिनसोबत एकाच गोळीत. घरात तिला सगळे 'नसांची व्हिटॅमिनची गोळी' म्हणतात, आणि इथे ती नियंत्रित औषधांत मोडते. गुडघेदुखीसाठी दिलेलं ट्रॅमाडॉल, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, या सगळ्यांचं तसंच आहे. भारतातल्या ब्रँडच्या नावावरून इथे कुणाला काही कळणार नाही, आत कुठलं औषध आहे ते बघतात.

यातलं काही निघालं तर निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढा. यूएई सरकारच्या संकेतस्थळावर ती सोय आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, आजाराचा अहवाल आणि पासपोर्टची प्रत लागते. चिठ्ठी इंग्रजीत, सही-शिक्क्याची हवी आणि त्यात औषधाचं मूळ नाव हवं. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. वारांच्या डबीत भरून आणलेल्या सुट्या गोळ्या कुठल्या आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. औषध मुक्कामाला पुरेल एवढंच आणा, आणि ते हँडबॅगेत ठेवा.

आता फराळ. खसखस इथे बंद आहे, अगदी चिमूटभरसुद्धा. ती अफूच्या बोंडातलं बी आहे आणि कायदा तिला त्याच नजरेने बघतो. स्वयंपाकासाठी आणली हे सांगून सुटका होईल असं धरून चालू नका. अनारसे तर खसखशीवरच थापतात, तेव्हा या वर्षी ते राहू द्या. करंजीच्या सारणात आणि डिंकाच्या लाडवांत आईला खसखशीऐवजी तीळ भाजून घालायला सांगा. चकली, शेव, शंकरपाळे खुशाल येऊ देत. मसाल्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. कांदा-लसूण मसाल्यात आणि काही घरांच्या गोड्या मसाल्यातही खसखस कुटलेली असते. तुमच्या घरच्या मसाल्यात ती आहे की नाही हे आईलाच माहीत, तेव्हा बरणी भरण्याआधी विचारा.

बाबा पान खात असतील तर विड्याची पानंही नकोत, दुबईत तीही मनाईच्या यादीत आहेत.

विमानतळावर शंका असेल ती वस्तू लाल मार्गाने जाऊन स्वतःहून दाखवायची, हे दोघांनाही नीट समजावून ठेवा. आणि आजच आईला प्रत्येक स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. त्यातली औषधांची नावं इथे लिहिलीत तर कुठल्या गोळीला परवानगी लागेल ते मी बघून सांगतो.