मोहफूल-जवसाच्या ‘रक्तवाढ लाडवा’साठी भांडवल कुठून आणावं आणि तो विकावा कसा?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळच्या गावात तुमच्या बचत गटाने मोहफूल, जवस, तीळ, शेंगदाणे आणि गुळाचा रक्तवाढीचा लाडू तयार केलाय. गावात तो आवडतोय. आता यंत्रांसाठी दहा लाखांचं कर्ज कोणत्या योजनेतून घ्यावं आणि जाहिरात कशी करावी?

माझं मत आधीच सांगतो. कर्जाचा अर्ज तीन-चार महिने थांबवा. त्या काळात लाडू किती दिवस टिकतो ते तपासून घ्या, आणि नावातला ‘रक्तवाढ’ शब्द काढून टाका.

टिकण्याचा प्रश्न जवसाचा आहे. अख्खं जवस कोरड्या जागी महिनोन्‌महिने राहतं, पण भाजून कुटलं की त्यातल्या तेलाला हवा लागते आणि ते खवट व्हायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, पत्र्याखालच्या दुकानात तर त्याहून जास्त. म्हणून जवस लागेल तसं, त्याच दिवशी कुटा. लाडू पूर्ण थंड झाल्याशिवाय पाकिटात भरू नका. कोमट लाडू भरला तर पाकिटाला आतून दव धरतं, थेंब गुळावर पडतो आणि काही दिवसांत नेमक्या तिथेच बुरशीचा ठिपका दिसतो. साध्या पारदर्शक पिशवीऐवजी ॲल्युमिनियम फॉइलचा थर असलेलं पाकीट घ्या. शेंगदाण्यातले काळे, सुरकुतलेले दाणे हाताने निवडून काढा, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष बहुतेक त्यांच्यातच असतं. आणि मोहफूल झाडाखाली जाळी बांधून गोळा केलेलंच घ्या. दाताखाली एकदा वाळू आली की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

चाचणी घरीच सुरू करता येते. एकाच घाण्यातली 40 पाकिटं ठेवा, निम्मी घरात आणि निम्मी पत्र्याच्या शेडमध्ये. दर 15 दिवसांनी दोन्हीकडची दोन-दोन फोडा आणि तारीख माहीत नसलेल्या तिघींना वास-चव घ्यायला लावा. पहिल्या, 45व्या आणि 90व्या दिवशी दोन्हीकडचं एकेक पाकीट एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा: पेरॉक्साइड मूल्य आणि फ्री फॅटी ॲसिड (या दोन्हींवरून तेल किती खवट झालंय ते कळतं), ओलावा आणि बुरशी. हाच प्रयोग पावसाळ्यात पुन्हा करा, कारण तेव्हा गूळ हवेतलं पाणी ओढतो. रेसिपीत अडलं तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था इथे विचारा.

आता दाव्याबद्दल. अन्नपदार्थाने आजार बरा होतो किंवा टळतो असं लिहायला एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018च्या जाहिरात व दावे नियमांत मनाई आहे. पाकिटावर, पोस्टरवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘ॲनिमिया जातो’ लिहिलंत तर पहिल्याच तक्रारीला अडकाल. लिहिता येतं ते पोषणाबद्दल: 100 ग्रॅममध्ये रोजच्या गरजेच्या 15 टक्के लोह असेल तर ‘लोहाचा स्रोत’, 30 टक्के असेल तर ‘लोहाने समृद्ध’. बाईची रोजची शिफारस 29 मिलिग्रॅम धरली तर हे आकडे 4.35 आणि 8.7 मिलिग्रॅम येतात. लोह प्रयोगशाळेतच मोजा. गुळातलं लोह कढईप्रमाणेही बदलतं, त्यामुळे तक्त्यांतले आकडे बेरजेला घेऊन लेबल छापू नका.

यात फक्त कायद्याची भीती नाही. आपल्या भागात, विशेषतः आदिवासी पट्ट्यात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असतं ते दरवेळी लोहाच्या कमतरतेने नव्हे, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात उलट जास्तीचं लोह साठतं. ‘रक्तवाढ’ वाचून एखाद्या आईने मुलीला दवाखान्यात न्यायचं टाळलं तर तुमच्या चांगल्या लाडवाने वाईट काम केलं असं होईल. हिमोग्लोबिन वाढतं हे खरंच दाखवायचं असेल तर सेवाग्रामसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक आरोग्य विभागाशी बोला. नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय गावातल्या बायकांचं रक्त तपासून ‘आधी-नंतर’चे आकडे पसरवू नका.

पैशाकडे येऊ. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान आहे, स्वतःचे किमान 10 टक्के घालावे लागतात. अर्ज सध्या घेतायत का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा. पण अनुदान सुरुवातीला हातात पडत नाही. ते बँकेत अडकून राहतं आणि तीन वर्षं खातं नीट राहिलं तरच जमा होतं. तोवर हप्ते भरत राहावे लागतात. तुमच्यासाठी त्याच योजनेतलं बीजभांडवल जास्त कामाचं आहे: गटाच्या प्रत्येक सदस्येमागे 40 हजारांपर्यंत, खेळत्या भांडवलाला आणि छोट्या अवजारांना. ते ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, प्रभाग संघामार्फत मिळतं. त्यात भाजणी यंत्र, पल्व्हरायझर (कुटण्या-दळण्याचं यंत्र), सीलर आणि काटा होतो. पल्व्हरायझर घेण्याआधी गावात थ्री फेज वीज दिवसाचे किती तास असते, ते बघा.

बुडतं ते खेळत्या भांडवलात. समजा महिन्याला 200 किलो माल, किलोला खर्च 280 रुपये, म्हणजे 56 हजार. कच्चा माल 15 दिवस, तयार माल 10 दिवस, दुकानदाराची उधारी 45 दिवस: पैसा 70 दिवस अडकतो, म्हणजे कायम सुमारे 1 लाख 30 हजार बाहेर. म्हणजे 250 ग्रॅमच्या पाकिटाला तुमचा खर्च 70 रुपये, आणि छापील किंमत 110 ठेवली, तर दुकानदाराचे 20 टक्के जाऊन 88 उरतात. म्हणजे हातात 18 रुपये, परतीचा माल वजा केला की तेही पूर्ण राहणार नाहीत, आणि मध्ये वितरक आला की काहीच नाही. वितरकामार्फत विकायचं असेल तर किंमत 140च्या आसपास हवी. जीएसटीचा हिशेब सीएकडून वेगळा करून घ्या.

विक्रीत एक गोष्ट ध्यानात घ्या. गावात मोहफूल म्हटलं की दारू आठवते, नागपुरात जंगल आठवतं. म्हणून आठवडी बाजारात ‘जवस-तीळ लाडू’ पुढे करा, एकेक सुटा विका. नागपुरातल्या पाकिटावर मोहफूल मोठं छापा. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, तिथे मोहफुलाचा साठा करण्याआधी उत्पादन शुल्क खात्याकडून लेखी घ्या. आशाताई किंवा डॉक्टरांना कमिशन देऊन विकू नका, लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास मोडतो. खरा हंगाम दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत, तेव्हा पहिला मोठा घाणा नोव्हेंबरात काढा. जवस मात्र मार्चमध्ये, नवं पीक आलं की भरून ठेवा.