जोत सुटलं, ताट तेच राहिलं: हृदयविकाराबद्दल वाचकांचे प्रश्न

महिनाभरात आलेल्या पत्रांत हृदयविकाराचीच जास्त आहेत, आणि त्यातली बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांबद्दलची. म्हणून आजचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे.

प्रश्न (गुहागर तालुका, पुरुष, वय ४६): माझे वडील जन्मभर भात-मासे खाऊन ८४ वर्षं जगले. मोठा भाऊ मुंबईची नोकरी सोडून गावी आला, दुकान टाकलं आणि ४९व्या वर्षी त्याला ॲटॅक आला. तो तर अंगाने सडपातळ आहे, दारूही पीत नाही. मग हे कसं झालं?

तुमच्या वडिलांचा दिवस आठवून बघा. उजाडायच्या आत जोत धरायचं, लावणीत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकायचं, डोक्यावर भारा घेऊन पाखाडी, म्हणजे डोंगरातली पायऱ्यांची वाट, चढायची. एवढ्या कष्टात थाळीभर भात संध्याकाळपर्यंत जिरून जायचा. आता नांगरणीला पॉवर टिलर आला, गाडी दारापर्यंत येते, तुमचे भाऊ सकाळी आठपासून गल्ल्यावर बसतात. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला, वर चहाबरोबर खारी-बिस्किटं आली. भाताची आणि बिस्किटांची पोटात साखरच होते, आणि न वापरलेली ही साखर पोटाभोवती आणि यकृतात चरबी होऊन साठते. त्यातून मधुमेह, रक्तदाब, रक्तातली वाईट चरबी हे सगळं एकामागून एक येतं.

सडपातळ असण्याचा भरवसा आपल्या लोकांनी धरू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडची नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. स्नायू आपल्या बाळात कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, हा बांधा आपण जन्मापासून घेऊन येतो. म्हणून वजनकाट्याआधी शिंप्याची टेप घ्या. बेंबीच्या पातळीवर पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर आपल्यासाठी ती धोक्याची रेघ आहे.

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारू, या नऊ गोष्टींत पहिल्या ॲटॅकचा सुमारे ९० टक्के धोका सामावतो, असं त्यात दिसलं. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक साधारण ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या आसपास. तुमच्या भावाला तर तो त्याच्याही आधी आला.

आता तुमच्याबद्दल. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत ॲटॅक आला असेल, तर तो तुमच्याही खात्यावर धोका म्हणून धरला जातो. या आठवड्यात रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या. लायपोप्रोटीन-ए ही रक्तात वारशाने येणारी चरबी आहे, तिची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते.

प्रश्न (देवगड, गृहिणी): डॉक्टरांनी नारळ बंद करायला सांगितलाय. वाटपाशिवाय आमटी कशी करायची? आणि सुकी मासळी चालते का?

पाच माणसांच्या सारात अर्ध्या नारळाचं वाटप पडत असेल, तर मी ते बंद करायला सांगणार नाही. खोबरेल तेलाची गोष्ट वेगळी आहे. त्यातली सुमारे ९० टक्के चरबी संपृक्त असते आणि ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, म्हणून रोजच्या फोडणीला आणि तळणाला ते नको. वड्या-भज्यांचं पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल तर मुळीच नको.

ताजा बांगडा आणि तारली हृदयाला चांगले, त्यांत ओमेगा-३ ही चांगली चरबी भरपूर असते. पण रव्यात घोळवून तव्यावर तेलात सोडण्यापेक्षा तिखलं किंवा कढी करा. खरी अडचण खाऱ्या बांगड्याची आणि सुक्या बोंबलाची आहे. पावसाळ्यात दोन महिने तोच आधार, पेजेबरोबर एक तुकडा, शिवाय पापड, लोणचं. माणशी मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे आणि ते असल्या एका जेवणात संपतं. खारा बांगडा दोनदा पाणी बदलून भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि त्या दिवशी कालवणात वरून मीठ घालू नका. घरात बीपीचा माणूस असेल, तर खारी मासळी सणावारापुरतीच ठेवा.

प्रश्न (दापोली तालुका, सून): सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. विडी-सिगारेट नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. त्यांचं बीपी गोळ्या घेऊनही १६०च्या खाली येत नाही.

तुमच्या पत्रातला ‘फक्त’ हा शब्द वाचून मी थांबलो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायका तंबाखू खात नाही म्हणून सांगतात आणि त्यांची पहिल्या बोटाची पेरं काळी असतात. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. दात घासायचं निमित्त असतं, पण निकोटीन हिरड्यांतून सरळ रक्तात जातं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. चघळण्याच्या तंबाखूने ॲटॅकचा धोका दुपटीहून जास्त होतो, हे इंटरहार्टमध्येही दिसलं होतं.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांना ती लहानपणी आईने किंवा आजीने दिलेली असते, दातदुखीवर औषध म्हणून. सोडताना पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. तेवढे दिवस घरच्यांनी सांभाळून घ्यायचं. लागल्यास १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते. चुलीचा धूरही हृदयाला बाधतो, म्हणून पाणी तापवायला चूल पेटत असेल, तर त्यांना तिच्यासमोर बसवू नका. आणि बीपीची गोळी रोज घेतात का, की डोकं दुखलं की घेतात, तेही विचारा.

प्रश्न (रत्नागिरी): कोलेस्टेरॉलची गोळी एकदा लागली की जन्मभर का?

बहुतेकांना हो, कारण गोळी थांबली की रक्तातली चरबी पुन्हा पूर्वीइतकी होते. ज्यांना ॲटॅक येऊन गेला आहे, त्यांनी ती स्वतःहून कधीही बंद करू नये.

प्रश्न (राजापूर तालुका, वाडीतला एक शिक्षक): आमच्याकडे रात्री छातीत जळजळलं की ओवा आणि सोडा देतात. गॅस कोणता आणि ॲटॅक कोणता, कसं ओळखायचं?

घरी बसून खात्रीने ओळखता येत नाही, मलाही येत नाही. खाडीकाठचे एक मच्छीमार माझ्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. रात्रभर सोडा पीत बसले होते. इसीजी काढला तेव्हा हृदयाचा बराच भाग निकामी झालेला होता. ते वाचले, पण होडी ओढण्याची ताकद परत आली नाही.

छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणं, दरदरून घाम, ही ठळक लक्षणं. बायकांत आणि मधुमेह्यांत कधी नुसता दम लागतो, मळमळतं किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं. असं दहा-पंधरा मिनिटं टिकलं तर १०८ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. माणसाला पाखाडी उतरू देऊ नका, खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत न्या. गाडी त्याने स्वतः चालवायची नाही.

पहिला इसीजी नॉर्मल आला आणि दुखणं सुरूच असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगा. ॲटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं, आणि बारा तासांनंतर त्याचा फायदा उरत नाही. वाडीतल्या कोणाची गाडी रात्री निघू शकते आणि इसीजीची सोय असलेला जवळचा दवाखाना कुठला, हे पावसाळ्याआधी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.