आधी त्याचं रोजचं ओळखून घे

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कुत्र्याचं पिल्लू आणि मांजर दोन्ही एकदमच घरात आणलीस, आणि आता वर्षभराचं वेळापत्रक करून मागतेयस. वेळापत्रक तुझे डॉक्टर देतीलच, थोडं मीही खाली लिहिते. पण एक काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. जनावर ठणठणीत असताना कसं असतं, ते नीट बघून ठेवायचं. माझ्या टेबलावर आजारी जनावर येतं तेव्हा मी पहिलं विचारते, "एरवी कसा असतो?" आणि बरीच मंडळी तिथेच अडखळतात. जनावर दुखणं लपवतं, मांजर तर फारच. बदल कळायला मूळ माहीत हवं.

सुरुवात आजपासूनच कर. ती गाढ झोपलेली असताना छाती किती वेळा वर-खाली होते, ते एक मिनिट मोज. निरोगी असतील तर आकडा ३०च्या आत राहतो. झोपेतला हा आकडा वर चढून तिथेच राहिला, तर हृदय किंवा फुफ्फुस काहीतरी सांगतंय. मग ओठ हळूच वर उचलून हिरडी बघ. गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबलीस की तिथे पांढरा डाग पडतो. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्यात खालच्या पापणीच्या आतली बाजू बघतात. पिल्लाला याची सवय आत्ताच लाव. मोठा झाल्यावर पहिल्यांदाच तोंड उघडायला गेलीस तर तो दात दाखवेल, आणि त्याचं काही चुकलं नसेल.

बरगड्यांवरून हातही फिरव. बोटांना त्या सहज लागायला हव्यात. गुबगुबीत जनावर बघून लोक कौतुक करतात, मला मात्र त्याचे सांधे दिसतात. लॅब्राडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास आहे. त्यात एका गटाला जोडीच्या गटापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं होतं, आणि तो गट सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगला. इतकं देणारं एकही औषध माझ्याकडे नाही.

आता मांजराचं, कारण तिथे वेळ हातून लवकर निसटते. तुझा बोका आहे, म्हणून हे दोनदा वाच. समज, तो मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, जोर लावतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो, आणि माती मात्र कोरडी. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. बहुतेकदा लघवीचा मार्ग तुंबलेला असतो. अडलेल्या लघवीमुळे रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय थांबू शकतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. इथे "सकाळी बघू" चालत नाही, रात्री दोनला असेल तर दोनला निघ. ट्रे रोज स्वतः साफ कर म्हणते ते स्वच्छतेसाठी आहेच, पण लघवीने झालेले ओले गोळे किती आणि केवढे, हे त्यानिमित्ताने रोज डोळ्यांखालून जातं. मांजराने दोन दिवस तोंडाला काही लावलं नाही तरी थांबू नकोस. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते, लठ्ठ मांजरात तर पटापट.

माणसांची औषधं कुलपात ठेव. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती पचवायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात अपुरी असते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचीडनाशक थेंबांपैकी काहींत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला विष. तुझ्या घरात दोघं एकाच गादीवर लोळणार, तेव्हा थेंब आणण्याआधी डॉक्टरांना "घरात मांजर आहे" हे सांगायचंच. लिलीची फुलं घरात आणू नकोस, अंगावर पडलेले परागकण चाटूनही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्यापासून चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची च्युइंगम लांब ठेव. काही पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नकोस, मीठच अंगावर येतं. वेष्टन उचल आणि दवाखाना गाठ.

ऋतूंचं थोडक्यात. उन्हाळ्यात फिरणं पहाटे आणि उशिरा संध्याकाळी. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकव. तुला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. बंद गाडीत एक मिनिटही सोडायचं नाही, काच थोडी खाली असली तरी. चपट्या नाकाच्या जातींना उन्हात जास्त जपावं लागतं. धाप थांबेना, पाय लटपटले, तर आधी अंगावर गार पाणी ओत, वारा घाल, आणि मग निघ. पावसात साचलेलं पाणी पिऊ देऊ नकोस, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार त्यातच येतो. गोचीड शोधायची तर पाठीवर नको; कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली बघ. थंडीत म्हाताऱ्या जनावरांच्या सांध्यांना ऊब हवी, एवढंच.

लस पुन्हा पुन्हा का, असं विचारलंयस. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला वाचवते, पण तीच लसीलाही निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे सांगता येत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जातात, आणि शेवटचा सोळा आठवड्यांचं झाल्यावर. मधला एखादा चुकवलास तर नेमकी फट तिथेच राहते. रेबीजची लस वेगळी, आणि त्यात कसलीही तडजोड नाही. कुणालाही कुत्रं-मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जायचं.

रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, ते या आठवड्यातच शोधून फोन नंबर लिहून ठेव. आणि मांजराची न्यायची टोपली माळ्यावर टाकू नकोस. दार उघडं ठेवून खोलीच्या कोपऱ्यात ठेव, आत जुनी चादर अंथर, अधूनमधून तिथेच खाऊ घाल. टोपली दिसली की पलंगाखाली पळणारं मांजर रात्री दोनला बाहेर काढायला अर्धा तास जातो.