कुत्र्यावर आळ नको

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

रशियन उपहासकथांतल्या प्राण्यांवरचा तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण ‘माणसातलं जनावर दाखवलं’ हे वाक्य तीनदा आलंय, आणि दर वेळी मी तिथे अडलो.

चेकॉव्हची ‘सरडा’ ही कथा (१८८४) पुन्हा काढ. तिच्यात सरडा कुठेच नाही. बाजारात कुत्र्याचं पिल्लू एकाच्या बोटाला चावतं; ते जनरलचं की भटकं, एवढ्यावर पोलीस अधिकारी ओचुमेलॉवचा न्याय फिरत राहतो. सरड्यासारखे रंग बदलणारे आपल्याकडेही आहेत, म्हणून तू उपमा ओळखलीस आणि तिथेच थांबलास. पण ओव्हरकोट पाहिलास का? जनरलचं नाव निघताच साहेबांना उकडतं, कोट उतरतो. नाव पुन्हा निघतं, आता हुडहुडी भरते, कोट परत अंगावर. पिल्लाच्या डोळ्यांत मात्र नुसती भीती.

साल्तिकोव-श्चेद्रिनचा शहाणा मासा (१८८३) तुझ्या वाक्यात बसेल. बिळात थरथरत जन्म काढणारा तो मासा म्हणजे मुखवटा घातलेला भित्रा सुशिक्षितच. पण बुल्गाकॉव्हला त्याच खुंटीवर टांगू नकोस.

‘कुत्र्याचं हृदय’ (१९२५) मधल्या शारिकॉव्हचे सगळे दुर्गुण तू कुत्र्याच्या माथी मारलेस. अरे, मूळचा शारिक हा भटका कुत्रा, आचाऱ्यानं उकळतं पाणी ओतून कूस भाजलेला, पण माणसं अचूक ओळखणारा! प्रोफेसर प्रेओब्राझेन्स्की त्याच्यात क्लिम चुगुन्किन या मेलेल्या दारुड्या, चोरट्या, बालालायका हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याची मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी बसवतात, आणि कुत्र्याचा माणूस होतो, तोच शारिकॉव्ह. शिवराळपणा, लबाडी, चहाडी क्लिमची. कुत्र्याचा वाटा म्हणजे मांजरांचा राग, आणि नेमक्या त्याच भांडवलावर त्याला मॉस्कोतली भटकी मांजरं हटवण्याच्या खात्याचं प्रमुखपद मिळतं! हृदय कुत्र्याचं नाही, माणसाचं आहे, हेच भयंकर, असं प्रोफेसर स्वतः सांगतात. १९२६ मध्ये गुप्त पोलिसांनी बुल्गाकॉव्हच्या घराची झडती घेऊन हस्तलिखित नेलं. सोव्हिएत मासिकात ते छापून यायला १९८७ उजाडलं. (झडतीवाल्यांना मांजरांचं खातं बरोबर कळलं असणार.)

लेख दुरुस्त करण्याआधी शारिक अक्षरं कशी शिकला ते पाहा. मासळीच्या दुकानाच्या पाटीवर ‘ग्लावरीबा’ असं लिहिलेलं. शब्दाच्या सुरुवातीला पोलीस उभा, म्हणून बिचारा शेपटाकडून वाचायला लागला. माणूस झाल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो हाच, उलटा. यावर तुझ्या लेखात एक ओळही नाही.

तुझा,
सर