आठवीतल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, पण यंत्रात डोकं चालतं. आधी अभ्यास की आधी आवड?

शिरपूरच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा वाचताना अडखळतो, डॉक्टरांनी डिस्लेक्सिया सांगितलाय, शाळेत विशेष शिक्षक नाही, आणि यंत्रं उघडून बसायची आवड आहे. तर आधी अभ्यास सुधारून घ्यावा की रोबोटिक्सचा क्लास लावावा, आणि पुण्याला ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय.

पुण्याला पाठवू नका. घरी चिडायला तरी आई असते, होस्टेलवर ते पोरगं कोणावर चिडणार? आणि तो ‘आधी’ शब्द माझ्या डोक्यात जातो. त्या शब्दापायी माझ्या मुलाचं एक वर्ष गेलं, म्हणून लिहितोय.

मी चोपडा तालुक्यात शेतात ठिबक सिंचनाचं फिटिंग करतो. पोरगा सहावीपासून सुट्टीत माझ्याबरोबर यायचा. लॅटरल म्हणजे ठिबकच्या नळ्या अंथरणं, त्यांच्या जोडाला रबरी ग्रोमेट बसवणं, पाण्यातून खत सोडायची व्हेंच्युरी जोडणं, सगळं एकदा बघून शिकला. पण मराठीच्या पुस्तकातली चार वाक्यं त्याला वाचायला सांगा, घामाघूम व्हायचा. ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’, जोडाक्षर आलं की थांबलाच. माझी आई म्हणायची, “पोऱ्या हुशार शे, मास्तरले समजत नही.” आम्ही सगळे म्हणायचो, लक्ष देत नाही.

आठवीत असताना त्याने एक गोष्ट केली. ठिबकचा फिल्टर चोक झाला की आत येणारा पाण्याचा दाब तसाच राहतो आणि पुढे जाणारा पडतो. दोन्हींतला फरक गेजवर अर्ध्या किलोच्या आसपास गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा, हे ठिबकवाल्या सगळ्यांना माहीत आहे. पण गेज बिघडतात, आणि चालू असले तरी शेतावरच्या सालदाराला काट्याचे आकडे लागत नाहीत. पोराने इंजेक्शनच्या दोन सिरिंज घेतल्या, जुन्या स्टार्टरच्या बटणांच्या स्प्रिंगा दट्ट्यांमागे बसवल्या, आणि एक सिरिंज फिल्टरच्या आधी, एक नंतर मायक्रोट्यूबने, म्हणजे बारीक नळीने जोडली. दोन दट्टे शेजारीशेजारी. दोन बोटांचा फरक दिसला की बॅकवॉश. वाचायचं काहीच नाही. मी पंधरा वर्षं या धंद्यात होतो, मला हे सुचलं नव्हतं. वाचता न येणाऱ्या माणसाची अडचण त्यालाच कळली.

इन्स्पायर मानक या शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत शाळेला पाच मुलांच्या कल्पना पाठवता येतात, निवड झाली की मॉडेल बनवायला दहा हजार रुपये मिळतात. मी शाळेत गेलो. वर्गशिक्षक म्हणाले, मराठीत नापास आहे, आधी वाचायला शिकू द्या, मग प्रदर्शनाचं बघू. माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो, स्वतः शिक्षक. त्यांनीही हेच सांगितलं. पाचही जागा पहिल्या बाकावरच्या मुलांना गेल्या. पोराने ते मॉडेल गोठ्यात टाकलं आणि शाळेत जायचं बंद केलं. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत मी त्याला मारलंही आहे, ते लपवणार नाही.

शेवटी तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेनी त्याला बघितलं आणि सांगितलं की तपासणी करा. शाळेत विशेष शिक्षक नाही म्हणून थांबू नका, ताई. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत माध्यमिकची मुलंही येतात. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन समावेशित शिक्षणाचं काम कोण बघतं ते विचारा.

तपासणीसाठी सरकारी दवाखान्याच्या चार चकरा झाल्या. कधी मानसशास्त्रज्ञ रजेवर, कधी एक कागद कमी. पहाटेची एसटी, संध्याकाळी रिकाम्या हाताने परत. पण एक गोष्ट चांगली झाली. तपासणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, घरी कोणती भाषा बोलतोस? अहिराणी म्हटल्यावर त्यांनी गोष्ट अहिराणीत सांगायला लावली आणि त्याने भडाभडा सांगितली. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारं मूल पुस्तकी मराठीत अडखळलं, एवढ्याने त्याला अक्षमता ठरत नाही. आणि खरी अक्षमता असली की ‘खेड्यातलं पोर आहे, भाषा कच्ची आहे’ म्हणून ती झाकलीही जाते. तुमच्याकडे हे कोणी विचारलं नसेल तर तुम्हीच सांगा.

तपासणीत आमच्या पोराला अध्ययन अक्षमताच निघाली. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरून नानांशी जे भांडण झालं ते आजही मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, अपंगाचा शिक्का कपाळावर कशाला? पण 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता स्पष्ट लिहिली आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. शिक्का तर आधीच बसला होता, ‘ढ’ म्हणून, आणि तो वर्गात रोज मोठ्याने वाचून दाखवला जात होता. दाखल्याने निदान हक्क तरी दिला. बोर्डाच्या पेपरला तासामागे वीस मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक मिळतो, तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो, आणि शाळा तो शेवटच्या दिवसापर्यंत ठेवून घेते. नववीतच मागे लागा.

लेखनिक म्हणजे सरकारमान्य कॉपी, असं नाना भर पंगतीत म्हणाले होते. मी त्यांना तिथेच विचारलं, बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडून आलेलं सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी उतरवून घेतलं. मग गाणी कोणाची झाली? नाना उठून गेले. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

लेखनिक मिळाला की काम झालं असंही नाही. सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे. आमचा पोरगा पहिल्यांदा इतक्या वेगाने बोलला की समोरचा मुलगा रडकुंडीला आला. दोन महिने रोज संध्याकाळी एकेक उत्तर सांगायचा सराव केला. धडे मी आणि त्याची बहीण मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करायचो, तो शेतात जाता-येता ऐकायचा. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, मोबाइलला मराठी वाचून दाखवायला लावता येतं, पण घरच्या आवाजातलं त्याच्या जास्त लक्षात राहायचं.

आणि मॉडेल? नववीत मी मुख्याध्यापकांच्या दारात बसून राहिलो, तेव्हा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक टेबल मिळालं. नंबर आला नाही. पण तिथे दिवसभर तो एकटा बोलत होता, येणाऱ्या प्रत्येकाला, न थकता. एका केळीवाल्या शेतकऱ्याने तसे दोन जोड मागितले. दुसऱ्या दिवसापासून पोरगा स्वतःहून रेकॉर्डिंग मागायला लागला. म्हणून सांगतो ताई, वाचन सुधारेपर्यंत आवड कपाटात ठेवायची, ही शिक्षा आहे, शिक्षण नाही. नाना हे वाचत असतील तर त्यांनीही वाचावं.

रोबोटिक्सच्या क्लासची फी मोठी असेल तर घाई करू नका. जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांना स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, आहे का बघा, नाहीतर ओळखीच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे रविवारी बसवा.

एक सांगायचं राहिलं. दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घ्यायची सवलतही सुचवली जाते. ज्या मुलाला आकडेच लागत नाहीत त्याच्यासाठी ती योग्य आहे, मी नावं ठेवत नाही. पण तुमचा मुलगा यंत्रातला आहे. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला दहावीचं गणित आणि विज्ञान लागतं. आम्ही ती सवलत घेतली नाही, दोन वेळा रडून गणित केलं, आणि आज तो त्याच ट्रेडला दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येकाचा त्रास वेगळा असतो, माझ्या मुलाचं माप तुमच्या मुलाला लावू नका. तपासणाऱ्यांना विचारूनच ठरवा.

शाळेत जे काही द्याल ते लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आमचा पहिला अर्ज शाळेत ‘सापडलाच नव्हता’.